‘मॅनेज होतंय’ म्हणणं बंद

११ फेब्रुवारी

रात्रीची नर्स बंद. इन्शुरन्स कंपनीतल्या बाईने फोनवर गोड आवाजात सांगितलं — तुमच्या मुलीजवळ रात्री कुणीतरी जागं लागतं हे आम्हाला मान्य आहे, पण ते काम आई-वडील करू शकतात.

मी विचारलं, "मग आई-वडिलांनी झोपायचं कधी?"

"ते तुमच्या प्लॅनमध्ये येत नाही, मॅम."

अनिका सहा वर्षांची आहे. जन्मापासून स्नायू दुबळे. पोटातल्या नळीतून जेवण, रात्री तोंडावर श्वासाच्या मशीनचा मास्क. घशात कफ साठला तर तिला खोकून काढता येत नाही, सक्शन मशीनने ओढून काढावा लागतो. झोपेत साठला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही तर — नाही लिहीत.

शैलेंद्रने आणि मी पाळ्या लावल्यात. तो दिवसा मीटिंगमध्ये पेंगतो. मला तीही सोय नाही.

१९ फेब्रुवारी

हॉस्पिटलमध्ये प्रीता भेटली. तिथली सोशल वर्कर. इथेच अमेरिकेत जन्मलेली, आई-बाबा नागपूरचे, म्हणून माझ्याशी हट्टाने मराठी बोलते. "यामिनीताई, तुम्ही मेडिकेडला अप्लाय का नाही करत?"

म्हटलं, अगं, सरकारी इन्शुरन्स तो. नवरा आयटीत आहे, आम्हाला कोण देणार?

"तुमचा पगार नाही बघत ते. डिसॅबिलिटी असलेल्या मुलांसाठी वेव्हर असतो, म्हणजे घरच्या पगाराच्या अटीतून सूट. त्यात फक्त मुलाचं इन्कम बघतात. सो, अनिकाचं इन्कम किती?"

अनिकाला तोंडाने बोलता येत नाही, ती टॅबलेटवर बटणं दाबते आणि टॅबलेट बोलतो. तिने सावकाश एक बटण दाबलं. "झीरो."

प्रीता खो खो हसली. मी नाही हसले. मला राग आला होता. सहा वर्षं! इतके डॉक्टर, इतक्या थेरपिस्ट, आणि हे एकालाही सांगावंसं वाटलं नाही?

२० फेब्रुवारी

शैलेंद्र नको म्हणतो. ग्रीन कार्डच्या रांगेत इतकी वर्षं उभे आहोत, आता सरकारी मदत घेतलेली दिसली तर? "आपण व्हिसावर आहोत, यामिनी. गपचूप राहायचं, दिवस काढायचे."

व्हिसाच्या वकिलांना फोन केला. ते म्हणाले, मूल इथे जन्मलंय, अमेरिकन आहे, कव्हरेज तिच्या नावावर. आजच्या नियमांप्रमाणे तुम्हाला अडचण येऊ नये.

शैलेंद्रने त्यातला ‘आजच्या’ एवढाच शब्द ऐकला. मी बाकीचे ऐकले. अर्जावर सही मी केली.

२ मार्च

इंडियन ग्रोसरीत आमच्या ओळखीतली मोना भेटली. कशी कोण जाणे, तिला बातमी लागलेली. "मेडिकेड? ते गरिबांसाठी असतं ना गं? तुमचं तर टाउनहाउस आहे."

म्हटलं, टाउनहाउसला सक्शन करता येत नाही.

मोना एकदम कोथिंबीर निवडायला लागली.

२६ मार्च

आज मेडिकेडकडून स्क्रीनिंगसाठी दोघी आल्या. एक नर्स, एक सोशल वर्कर. अनिकाला खरंच किती मदत लागते ते बघायला. मी सकाळपासून घर लख्ख केलं. सक्शन मशीन पडद्यामागे, नळ्यांचे खोके कपाटात. अनिकाला नवा फ्रॉक, दोन वेण्या. पोहे, चहा. पोरगी काल चांगली झोपली होती, तर सारखी हसत होती. टॅबलेटवरून त्यांना ‘आय लाइक युअर शूज’ म्हणाली.

जाताना नर्सने विचारलं, एकंदर कसं चाललंय? मी म्हटलं, ओह, वी मॅनेज.

छान झालं सगळं.

१७ एप्रिल

नाकारलं.

कारण: मुलीची प्रकृती स्थिर, कुटुंब व्यवस्थित सांभाळत आहे, नर्सिंगच्या पातळीची गरज आढळली नाही.

मी पोहे केले होते त्यांच्यासाठी!

प्रीता म्हणाली, "ताई, तुम्ही टू नाइस आहात. तुम्ही त्यांना बेस्ट डे दाखवला. अपील करा. आणि या वेळी वर्स्ट डे सांगा."

वर्स्ट डे मी आईलाही सांगत नाही. ती पुण्याहून व्हिडिओ कॉल करते तेव्हा अनिकाचा मास्क काढलेला असतो, केस विंचरलेले असतात. कुणी विचारलं की आपलं ठरलेलं — मजेत, मॅनेज होतंय. इतकी वर्षं म्हणत आले की लोकांना खरं वाटलं. सरकारलासुद्धा.

आजपासून म्हणणार नाही.

शैलेंद्र म्हणाला, झालं ना आता, सोड. मी त्याच्यासमोरच अपील पाठवलं.

९ मे

काल रात्री पाळी शैलेंद्रची होती. त्याचा डोळा लागला. अलार्म मला शेजारच्या खोलीत ऐकू आला, त्याला उशाशी नाही. मी पोचले तेव्हा अनिकाचे ओठ निळे पडले होते. सक्शन केल्यावर रंग परत आला.

तो सकाळी कामावर गेला नाही. तिच्या पलंगाशी जमिनीवर बसून होता. मी चहा दिला तर म्हणाला, "अपीलच्या हिअरिंगला मीही बसतो."

आणि मग — "कालचं मी सांगेन. तू नको सांगूस."

३ जून

हिअरिंग फोनवर होतं. प्रीता म्हणाली होती, शांत खोलीत बसा. मी मुद्दाम अनिकाच्या खोलीत बसले. स्पीकर ऑन.

ऑफिसर बाईचा आवाज कोरडा. मी सांगायला लागले. दिवसभरात कितीदा सक्शन, नळीतून जेवण देताना उलटी झाली तर काय, मास्क सरकला तर काय. मध्येच अनिकाच्या घशात घरघर सुरू झाली. बाई पुढचा प्रश्न विचारत होत्या.

मी म्हटलं, "प्लीज होल्ड."

"मॅम, आपण रेकॉर्डवर आहोत."

"यस. प्लीज होल्ड."

मशीन चालू केलं. तो घाणेरडा आवाज पूर्ण खोलीभर. मी घाई केली नाही. नेहमी लागतो तेवढा वेळ घेतला. संपल्यावर बाईंनी विचारलं, हा कसला आवाज होता? म्हटलं, तुम्हाला फाइल वाचून कळला नव्हता तो.

मग शैलेंद्र बोलला. ऑफिसात तो इतकं सफाईदार इंग्लिश बोलतो. आज शब्द जुळवत होता. "आय फेल अस्लीप. माय डॉटर टर्न्ड ब्लू." पुढे बोलवेना त्याला. मी वाट बघितली. त्याने सांगून पूर्ण केलं.

शेवटी बाई म्हणाल्या, आणखी काही? मी नाही म्हणणार, तेवढ्यात टॅबलेट बोलला — "आय अ‍ॅम टायर्ड. आर यू डन?"

कुणीतरी हसलं. बहुतेक बाईच.

२४ जून

मिळालं. मेडिकेड, रात्रीची नर्स, सगळं!

शैलेंद्रने दोनदा वाचलं. मग गॅरेजमध्ये जाऊन बराच वेळ आला नाही. मी बघायला गेले नाही.

मोनाचा फोन. तिच्या नणंदेच्या मुलाला ऑटिझम आहे, तर तो वेव्हर म्हणजे नक्की काय गं? सगळं सांगितलं. टाउनहाउसचं काढलं नाही. पण मनात आलं होतं.

८ जुलै

नर्स आली. मिस डेनिस, उंच, पन्नाशीची. अनिकाने तिला नीट तपासून घेतलं आणि ‘ओके’ दाबलं. मी मात्र अंथरुणात कान टवकारून पडले होते. पहाटे कधीतरी झोप लागली ती एकदम उन्हं आल्यावरच जाग आली. घाबरून धावले. अनिका झोपलेली. मिस डेनिस म्हणाली, "गो बॅक टू बेड, मॉम."

गेले.

१६ सप्टेंबर

शैलेंद्रचा जॉब गेला. त्याची अख्खी टीमच काढली. आमचा इन्शुरन्स महिनाअखेरीला बंद, अनिकाचा चालू. पण व्हिसा त्याच्या नोकरीवर — दोन महिन्यांत दुसरी मिळाली नाही तर आम्हा दोघांना हा देश सोडावा लागेल. तिला नाही. कव्हरेज तिचं, नर्स तिची, देशही तिचा. त्यात आई-वडील कव्हर होत नाहीत.

वकिलांचा फोन सारखा एंगेज. लावतेच आहे.