आश्रमातले पित्तर

चिखली
२४ ऑगस्ट

आदरणीय आत्यास,
मंजुश्रीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

किसनमामाजींना त्या आश्रमात ठेवलं तर त्यांचं नीट होईल का, असं तू विचारलंस. मला सांगता येत नाही. वृद्धाश्रमांची पाहणी करून त्यांना श्रेणी देण्याचाच मला पगार मिळतो. घरातली पहिली पदवीधर म्हणून तू गल्लीभर पेढे वाटलेस, तेही याच शिक्षणाचे.

अमडापूरच्या पुढे रस्त्याला लागूनच हा 'कृतार्थ' आश्रम आहे. आम्ही येणार हे त्यांना आधी कळवलेलं असतं, तशी पद्धतच आहे. चादरी कोऱ्या होत्या, घडीच्या रेघाही मोडल्या नव्हत्या. फिनाईलच्या वासानं डोळे चुरचुरले. म्हाताऱ्या माणसांना अंगणात रांगेनं उभं केलं होतं आणि आमची गाडी दिसताच त्यांनी प्रार्थना सुरू केली. मंजुळाबाई नावाच्या एका आजींचे पाय लटलट कापत होते. मी त्यांना बसायला सांगितलं, तर त्यांनी आधी व्यवस्थापकाकडे पाहिलं आणि उभ्याच राहिल्या. व्यवस्थापक वैजनाथभाऊ दर वाक्यात 'आमचे मायबाप' म्हणतात, पण त्या मायबापांतल्या एकाचंही नाव त्यांना न अडखळता सांगता आलं नाही.

भिंतीला धरायचा दांडा लावलेला नवा, चकाचक संडास त्यांनी दाखवला. आमचे प्रमुख शंतनु सर खूश झाले, फोटो काढला. निघताना मी हात धुवायला परत गेले, तर त्याला कुलूप. रोजची जागा मागच्या अंगाला आहे. तिथं मी गेले, आणि घरी आल्यावर चपला धुतल्या, तरी वास गेला नाही.

पण हे सगळं पाहुण्यांसाठी मांडलेलं नाटक होतं. रोज काय चालतं ते मी पाहिलेलं नाही, मग होय कशी म्हणू आणि नाही तरी कशी म्हणू? लकव्यानंतर मामाजींना बोलता येत नाही. ज्यांना येतं तेही तिथं बोलत नाहीत, एवढंच माझ्या मनात अडकलं आहे. मी न कळवता एकदा जाऊन येते, तोवर थांब.

मोडक्या हातानं भाकरी थापतेस असं बाबांकडून कळलं. सर्कशीत जायचा विचार आहे का? फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून लिहून रागावते आहे. मामाजींना जयभीम सांग. माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी भाची,
मंजुश्री

⁂

धामणगाव बढे
३१ ऑगस्ट

चि. मंजूले,
आत्याचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुहं पत्र भेटलं. सारं वाचलं, पन होय का नाई ते कुठंच सापडलं नाई. पोट्टी शिकली आन सरकारी उत्तर द्याले लागली, असं म्या तुह्या बापाले सांगतलं. तो हासला. मले आयकू नाई आलं, पन दात दिसले.

हाताचं तुले मालूम हायच. तुह्या मामाजीले खाटेवरून उतरवताना ते माह्या अंगावर आले आन मनगट मोडलं. प्लास्टर निघाले अजून वेळ हाय. एका हातानं मानूस धुता येत नाई, हे तुले लिहाले मले लाज कायची? शेजारच्या पोराहिले बलावतो. ते तोंड फिरवून उचलतात आन मामाजी डोये मिटून घेतात. ते मले पाहावत नाई. आपलं मानूस आपल्यासमोर लाजून राह्यलं, याहून वाईट काय असते बाप्पा.

प्रसेनजित पुन्याहून येऊन राह्यला. तो म्हने, आई, सरकारनं पाह्यलेलं ठिकान हाय, काऊन भेतेस. सरकारनं पाह्यलेलं म्हनजे तूच पाह्यलेलं ना? मंग मी आनखी कोनाले इचारू.

एकच घोर हाय. माहा नवरा लय हट्टी मानूस. सासरे वारले तवा साऱ्या भावकीनं जोर लावला, पन यायनं पित्तर घातलं नाई. मेलेल्याच्या नावानं जित्यानं कायले खावं, म्हने. तवापासून पित्तरपाटाच्या पंधरवड्यात कोनाच्या घरचा घासही घेतला नाई. असा मानूस परक्याच्या हातानं जेवीन का, सांग. लवकर लिही. तब्येत सांभाय, उपाशी फिरू नको.

तुही आत्या,
रुख्मिणी

⁂

चिखली
६ सप्टेंबर

आदरणीय आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

मामाजींना तिथं पाठवू नकोस. हे पहिल्याच ओळीत लिहिलं, म्हणजे तुला पानं चाळावी लागणार नाहीत.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर मी एकटीच गेले, न कळवता. कोऱ्या चादरी गेल्या होत्या. प्लास्टिकच्या गाद्यांवर माणसं तशीच पडलेली होती. मंजुळाबाईंनी मला ओळखलं. त्यांनी माझ्या हातातल्या पाण्याच्या बाटलीकडे बोट केलं, आणि पदराआड धरून इतक्या घाईनं पाणी प्यायल्या की ठसका लागला. मी कामाच्या बाईला विचारलं. तिनं काही लपवलं नाही. दिवस मावळला की पाणी बंद, नाहीतर रात्रभर अंथरुणं ओली होतात, ती कोण धुणार, असं म्हणाली. भाजी महाग झाल्याचं सांगावं तसं तिनं ते सांगितलं.

एका आजोबांच्या टाचेला जखम होती आणि तिच्यावर माश्या बसत होत्या. पाय हलवून त्या उडवायचंही त्यांनी सोडून दिलं होतं. मी बाहेर येऊन कुंपणापाशी ओकले. मग पुन्हा आत गेले, कारण मी पाहणी करणारी होते.

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले की संध्याकाळची भेट आपल्या पद्धतीत बसत नाही, आणि आश्रमाला वरची श्रेणी ठरलीच आहे. दात्यांचा सहभाग उत्तम आहे म्हणून त्याचे गुण जास्त. लोक वाढदिवसाला, श्राद्धाला तिथं जेवण देतात, त्याचे हे गुण. अहवालावर माझी सही राहिली आहे. ती मी अजून केलेली नाही.

प्रसेनजितदादाला फोन केला होता. तो म्हणाला की मला सगळीकडे घाणच दिसते, आणि आईनं मरेस्तोवर उचलत बसायचं का. त्याचं दुसरं वाक्य खरं आहे, म्हणून मला नीट भांडता आलं नाही. आत्या, थोडे दिवस कळ काढ. काही मार्ग काढू. तुझा आशीर्वाद पाठीशी असू दे.

तुझी,
मंजुश्री

⁂

धामणगाव बढे
१२ सप्टेंबर

चि. मंजूले,
अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र काल भेटलं. मामाजी सोमवारीच गेले. प्रसेनजितनं गाडी आनली, त्याले रजा नव्हती. म्या त्याहिले नवा सदरा घालून देला. गाडीत बसताना त्याहिनं माह्या प्लास्टरवर हात ठेवला आन काढेचना. पोरानं सोडवला.

आता तू मले घान सांगतेस, माश्या सांगतेस. पह्यल्या पत्रात काऊन नाई सांगतलं? तवा तुले मालूम नव्हतं, हे खरं. पन मले मालूम असाले मी तुह्याच तोंडाकडे पाहून होती. ते गेले त्या रातीले मले मेल्यावानी झोप लागली, आन सकायी स्वतःचाच राग आला. हे तुह्याशिवाय कोनाले लिहू.

प्रसेनजित म्हने, तिथले साहेब फोनवर बोलले, बाबा मजेत हायेत, पित्तरपाट चालू हाय तर रोज खीर-वडे हायेत. त्याहिले शुगर हाय, मंजू. आन पित्तराचं ते खात नाईत. तू जाऊन पाहून ये. भांडू नको, नुसतं पाहून ये. पाय दुखला की उजव्या कुशीवर निजवा लागते, तेवढं सांग त्याहिले.

तुही आत्या,
रुख्मिणी

⁂

चिखली
२४ सप्टेंबर

आदरणीय आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तू पाहून ये म्हणालीस. सर्वपित्री अमावस्येला, रविवारी, मी गेले. फाटकापाशीच गाड्या उभ्या होत्या. हल्ली गावात पित्तर म्हणून जेवायला बसायला कोणी तयार होत नाही. म्हणून लोक आश्रमात येतात, कोणाला तरी आपला गेलेला बाप समजून पाटावर बसवतात, पाय धुतात, गंध लावतात, खीर भरवतात. त्यात त्यांचं काही वाईट नाही. येणाऱ्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. पण वैजनाथभाऊंनी त्याचा धंदा मांडला आहे. मंजुळाबाईंनी सांगितलं की त्या दिवसांत सकाळचा चहासुद्धा देत नाहीत, भूक राहिली पाहिजे म्हणून. मग एका घराचं ताट, ते उचललं की दुसऱ्या घराचं, मग तिसऱ्या घराचं. त्याच माणसाला गंध पुसून पुन्हा बसवायचं. नाही म्हणायची सोय नाही. उरलेला दिवस मागच्या जागेपाशी रांग लागते, आणि संध्याकाळी पाणी बंद.

मामाजी ओसरीवर पाटावर होते, भिंतीला टेकवून बसवलेले. भरघोस पांढऱ्या मिशांमुळे त्यांना फार मागणी आहे, असं कामाची बाई हसत म्हणाली. गळ्यात झेंडूचा हार होता, सदरा तू घालून दिलेलाच होता. धोतर भिजलेलं होतं आणि त्याचा वास येऊ नये म्हणून शेजारी उदबत्त्यांचा पुडाच्या पुडा पेटवला होता. समोर एक चांगल्या घरची बाई खिरीचा चमचा घेऊन बसली होती. मामाजींनी तोंड मिटून घेतलं होतं. आत्या, तू लिहिलं होतंस तसंच, डोळेही मिटले होते.

ती बाई रडायला लागली. बाबा घास घेत नाहीत म्हणजे माझ्यावर रागावलेत, शेवटच्या दुखण्यात मी आले नाही म्हणून, असं म्हणून ती त्यांच्या पायांवर डोकं ठेवू लागली. तेव्हा वैजनाथभाऊंनी खूण केली आणि कामाच्या माणसानं मामाजींचे गाल दोन्ही बाजूंनी दाबून तोंड उघडलं. खीर आत गेली, तशीच हनुवटीवरून हारावर आली. त्यानं ती बोटानं निपटून पुन्हा आत घातली.

भांडू नको असं तू सांगितलं होतंस. मी भांडले नाही. त्या बाईच्या शेजारी खाली बसले आणि तिचा हात धरून म्हणाले, "ताई, हे माझे मामाजी आहेत. हे जिवंत आहेत."

तिनं चमचा खाली ठेवला. आपल्याच पदरानं त्यांची हनुवटी पुसली आणि तोंड दाबून धरणाऱ्या त्या माणसाला तिनं असं काही झापलं की मला काही बोलावंच लागलं नाही. वैजनाथभाऊ मात्र माझ्याकडे आले. आम्ही कोण ते त्यांना आडनावावरून कळलंच होतं. ते म्हणाले, "मॅडम, पित्तराला जात नसते. उलट तुमच्या माणसाच्या पाया लोक पडून राह्यले, मान आहे हा." हे त्यांनी मोठ्या मनानं सांगितल्यासारखं सांगितलं. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मेलेल्याला मान द्यायचा आणि जिवंताचं तोंड दाबायचं, याला काय म्हणायचं ते माझ्या शिक्षणात नव्हतं.

सोमवारी मी सरांच्या अहवालावर सही केली नाही. स्वतःचा वेगळा लिहिला. सर म्हणाले, तुझं नातं निघालं तर हा अहवाल कुणी वाचणार नाही. म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं की तिथले एक रहिवासी माझे मामाजी आहेत, आणि त्यामुळेच मी न कळवता गेले. खाली पाणी, कुलूप, टाच, गाल, सगळं लिहिलं. त्या बाईनंही आपलं नाव-पत्ता देऊन साक्ष लिहून दिली. बुलढाण्याला समाजकल्याण कार्यालयात जाऊन मी तो स्वतः दिला आणि पोच घेतली. माझा करार दिवाळीनंतर वाढणार नाही, हे सरांनी जवळपास सांगितलंच आहे. होऊ दे.

तुझ्यावर माझा राग नाही. तुला झोप लागली, ते बरंच झालं. प्रसेनजितदादाला मी सगळं फोनवर सांगितलं. तो आधी ओरडला, मग व्हीलचेअरचे पैसे पाठवतो म्हणाला. ते मी घेणार आहे, कारण खुर्ची लागेलच.

माझ्या खोलीला जिना आहे, म्हणून मामाजींना रविवारीच आणता आलं नाही. मी राहते त्याच घरातली खालची खोली रिकामी होती, ती घेतली. पायरी नाही, संडास दाराशी आहे. दिवसा शालूबाई येतात. दवाखान्यात आया होत्या, हात मऊ आहे आणि तोंड फार चालतं, मामाजींना बोलणारं माणूस हवंच होतं. पहिल्यांदा मी त्यांना धुतलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मी गावातल्या सगळ्या भानगडी मोठ्यानं सांगत राहिले. तुझ्या नावाची एक खोटीच सांगितली, तेव्हा एक डोळा उघडला.

आम्ही निघालो तेव्हा मंजुळाबाई फाटकापर्यंत आल्या होत्या. त्यांना न्यायला कोणी नव्हतं, आणि मीही नेलं नाही. त्यांच्यासाठी माझ्याकडे फक्त तो अहवाल आहे. ते पुरेसं नाही, हे मला कळतं.

तुला विचारून करायला हवं होतं. तुझं उत्तर पोस्टानं यायला दिवस लागले असते, म्हणून विचारलं नाही. मंगळवारी सकाळी गाडी घेऊन गेले आणि मामाजींना घेऊन आले. तुझी बॅग भर. पुढच्या शनिवारच्या गाडीनं बाबा तुला इकडे आणून सोडतील, त्यांना मी सांगून ठेवलं आहे.

रागावलीस तर इथं येऊन रागव.

तुझीच,
मंजुश्री