मार देल प्लाताची पनवती

३ डिसेंबर, सकाळ
मार देल प्लाताला पोचलो. समुद्र जागेवर आहे. मी पण. पांढरा सूट, वर फर कोट. डिसेंबर म्हणजे इथला ऐन उन्हाळा, उकडून जीव गेला, पण स्टेशनवर फोटोग्राफर असतात. आज नव्हते.
मागचे तीन शो पडले, म्हणून बुएनोस आयरेसमध्ये म्हणतात, निर्माता नेस्तोर बाल्दरास संपला. या उन्हाळ्यात दाखवतो. पिसं, भलामोठा जिना, नाचणाऱ्या पोरी, आणि जिन्यावरून उतरणारी इर्मा साल्वाती. हा शो चालायलाच हवा. चालणारच.
संकल्प: सिगार बंद. ओरडणं बंद.

५ डिसेंबर
जिना मोडला. दोन पोरींचे पाय प्लास्टरमध्ये. भयंकर ओरडलो. सिगार तोंडात होता म्हणून फारसं ऐकू गेलं नाही.
हे नुसतं बॅड लक नाही. कंपनीत कोणीतरी पांढऱ्या पायाचा आहे. आमच्या धंद्यात पनवतीचं नावसुद्धा घेत नाहीत. समोर आली की ती बाधू नये म्हणून बायका डाव्या छातीला हात लावतात. पुरुष पँटच्या डाव्या बाजूला, जरा खाली. मी आजवर कितीतरी जणांना पनवती ठरवून धंद्यातून उठवलंय. माझी नजर चुकत नाही.

७ डिसेंबर
सापडला! मी आणि पोरोतो कॅफेत शिरलो. पोरोतो माझा कॉमेडियन. तंबूतल्या पहिल्या शोपासून कायम माझ्या शेजारी. वेटरचा हात थेट खाली. दारातल्या दोन बायकांचे छातीवर.
पोरोतो! इतकी वर्षं अस्तनीत निखारा!

८ डिसेंबर
पोरोतोला काढला. आर्टसाठी. वाटलं रडेल. हसला. म्हणाला, नेस्तोर, गाढवा, मी गेलो तर तुझ्या शेजारी उभं कोण राहणार? मी म्हणालो, यश. म्हणाला, बरं बाबा, यशाला माझा नमस्कार सांग.
जळतो माझ्यावर.

१४ डिसेंबर
एकटाच कॅफेत गेलो. वेटरचा हात पुन्हा खाली! मग लक्षात आलं, मी पोरोतोच्या खुर्चीवर बसलो होतो. खुर्ची विकत घेतली, बीचवर नेऊन जाळली. पोलीस आला, दंड करतो म्हणाला, नाव विचारलं. सांगितलं. त्याचाही हात खाली, आणि पावती न फाडताच पळाला.
केवढा दरारा!

१९ डिसेंबर
पोस्टर आलं. माझं नाव नाही. प्रिंटर म्हणाला, मशीन नवीन आहे हो, चुकतं. पेपरवाले पण 'तो फर कोटवाला' एवढंच लिहितात. इर्मा तर नुसतं 'ऐका ना' म्हणते.
मोठ्या माणसांचं असंच होतं. एका लेव्हलनंतर नावाची गरजच संपते.

२६ डिसेंबर, ओपनिंग
पडद्याआधी सगळी कंपनी हातात हात धरून गोल उभी राहते आणि शुभेच्छा म्हणून एक सणसणीत शिवी ओरडते. मधोमध मी असतो. नेहमीच.
आज मधे शिरलो आणि हात सुटले. सगळ्यांचे. सगळे डावीकडे गेले. कपडेपटाच्या म्हातारीचासुद्धा.
इर्मा मला बाजूला घेऊन म्हणाली, राग मानू नका, पोरोतोकाका होते तोवर आमची खात्री नव्हती, ते की तुम्ही. आता काय बोलायचं? आजच्या दिवस बाहेर थांबा ना, प्लीज. पोरी जिना चढायला घाबरतायत.
बाहेर सॉसेजच्या गाडीपाशी उभा राहिलो. टाळ्या रस्त्यापर्यंत ऐकू येत होत्या. इतक्या मी कधी आतून ऐकल्या नाहीत.

२७ डिसेंबर, बस स्टँड
कंपनीचा निरोप: हाउसफुल. सीझन संपेपर्यंत कृपया राजधानीतच राहावं.
पोरोतोला फोन केला. विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाला, पहिल्याच शोला आपला तंबू कोसळला त्या दिवसापासून. म्हणून तर चिकटून चालायचो. दोघं असलो की लोकांना कळत नाही नक्की कोण. माझी बायको शिव्या घालायची, पण काय करणार, तू एकटा पडला असतास.
मी फोनमध्ये आणखी एक नाणं टाकलं.
म्हणाला, रविवारी ये घरी, रॅव्हियोली करतेय ही.
मी म्हणालो, बघतो. सीझन चालू आहे. फार बिझी आहे.