सहा महिला जवानांची दाढी अभिलेखातून काढण्याबाबत

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
रासायनिक संरक्षण तळ.

विषय : आम्हास दिलेली दाढी राखण्याची परवानगी रद्द होणेबाबत.
संदर्भ : आपले परवानगीपत्र, दि. ३ मार्च.

महोदय,

मी तळावर गॅस मास्कची प्रशिक्षक असून तुकडीत माझ्यासह सहा महिला आहेत. आम्हाला दरमहा दाढीचे सामान मिळत असे. ते नको, असा अर्ज मी सर्वांच्या वतीने केला. सामान नाकारणारा तो दाढी राखणारा, या नियमाने आपल्या कार्यालयाने आम्हा सहाही जणींना दाढी राखण्याची परवानगी दिली. तत्परतेबद्दल आभार. मात्र त्यानंतर पुढील अडचणी आल्या.

१. दाढीसह नवे ओळखपत्र काढणे बंधनकारक आहे. छायाचित्रकार खोळंबले आहेत. "ताई, मिसरूड तरी फुटलं का?" असे ते रोज विचारतात.

२. दाढीवर मास्क घट्ट बसत नाही व वायू आत शिरतो, म्हणून दाढीवाल्यांना मास्क देत नाहीत. नियम योग्यच आहे. तो मीच शिकवते. त्यानुसार भांडारपालांनी आमचे मास्क जमा करून घेतले. मी हनुवटी पुढे केली असता, "मला दिसतंय हो मॅडम, पण कागदावर दाढी आहे ना!" असे ते म्हणाले. सध्या मी धुराच्या खोलीबाहेर उभी राहून खिडकीतून हातवारे करून शिकवते.

३. परवानगी रद्द होण्यास दाढी काढल्याचा केशकर्तनकारांचा दाखला लागतो. ते सचोटीचे गृहस्थ आहेत. "न केलेल्या दाढीवर सही करायची नाही मी. आधी वाढवून या," असे त्यांनी सुनावले. आमच्यातील सर्वांत धाकटीने फेस लावून घेतला. त्यांनी वस्तरा फिरवला, निरखून पाहिला आणि 'काही निघाले नाही' असा लेखी शेरा दिला.

४. सोमवारी तुकडी सीमेवरील चौकीकडे निघते. मास्क नसलेल्यास गाडीत जागा नाही. या नेमणुकीसाठी आम्ही दोन वर्षे घाम गाळला आहे. आमच्या जागी लेखा शाखेचे सहा जण जात आहेत. त्यांपैकी एकाने काल मास्क उलटा घातला होता व तो अंधार पडल्याची तक्रार करीत होता.

तरी विनंती की, सोमवारी गाड्या सुटण्यापूर्वी आपण स्वतः मैदानावर येऊन आमचे चेहरे पाहावेत. सहाही हनुवट्या पहाटेपासून रांगेत उभ्या असतील. भिंग मी प्रयोगशाळेतून आणीन.

आपली नम्र,
(सही)
गॅस मास्क प्रशिक्षक
(अभिलेखानुसार दाढीधारी)
दि. १८ एप्रिल

सोबत : केशकर्तनकारांचा शेरा, सहा हनुवट्यांची छायाचित्रे, समोरून व बाजूने.