चाकांच्या खुर्चीतून लग्नाला

एक घडीची शिडी, दोन पलंग, वर्कशॉपमधलं ड्रिल मशीन (मोटर तेवढी विकतची), धाकट्या लेकीची तीनचाकी सायकल आणि राहत्या घराचे सगळे दरवाजे (बाथरूमचा सोडून, तो तुम्ही आणलेल्या सुताराने केला आणि तोच एक फुगतो): इतक्या वस्तू मी या दोन हातांनी, कुणाच्याही हाताखाली न शिकता केल्या आहेत. ही यादी आधी दिली, कारण पुढचं वाचून तुमच्या मनातली माझी किंमत उतरू नये.

तर साडूबुवा, सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईंना माझा नमस्कार सांगा. मी सुखरूप पोचलो आहे. माझी बॅग अजून प्रवासात आहे. (म्हणजे तुमचीच बॅग. तिच्याविषयी पुढे येईलच.)

मी का निघालो ते तुम्हाला ठाऊकच आहे. धाकटीने तिच्या ऑफिसातल्या मुलाशी लग्न ठरवलं, गुरुवारी सकाळी अकराला, नोंदणी पद्धतीने. दिवा बदलायलासुद्धा माणूस बोलावणाऱ्या मुलाच्या लग्नाला मी येणार नाही, असं मी फोनवर बोलून गेलो. धाकटी रडली, बायको महिनाभर आधीच तिच्याकडे परदेशी निघून गेली आणि मागाहून माझं तिकीट आलं. तुम्ही म्हणालात, तिकिटाचे पैसे बुडतील. म्हणून निघालो. निव्वळ म्हणून. हे कृपया ध्यानात असू द्या.

पहिल्याच विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने माझं तिकीट पाहिलं, मग माझे पाय पाहिले आणि कुणाला तरी हाक मारली. एक माणूस व्हीलचेअर घेऊन आला. मी बाजूला सरकून मागच्याला वाट दिली. मागे कोणी नव्हतं. खुर्ची माझीच होती. तिकिटावर माझ्या नावापुढे तशी नोंद होती म्हणे. मला चालता येतं, हे मी त्या माणसाला चालून दाखवलं. त्याने माझ्याकडे अशा काही मायेने पाहिलं की मी मुकाट्याने बसलो.

साडूबुवा, तेव्हापासून माझं डोकं चालेना. म्हटलं, कंपनीला काहीतरी कळलंय जे मला कळलेलं नाही. गेल्या महिन्यात तपासण्या केल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, विशेष काही नाही. काहीच नसेल तर माणूस विशेष कशाला म्हणेल? मी गॅस चालू ठेवून वर्कशॉपला गेलो, ते ऐकूनही बायको फोनवर गोडच बोलली. आणि तुम्ही तुमची नवी बॅग मला दिलीत. आल्यावर परत करतो म्हटलं, तर "असू द्या हो" म्हणालात. एका छत्रीसाठी दोनदा घरी आलेले तुम्ही. मला काय वाटलं असेल? विमान सुटायला उशीर झाला तो सगळा वेळ मी बुटातल्या बुटात पायाची बोटं हलवून बघत होतो. सगळी हलत होती. हल्लीचे आजार असेच फसवे असतात, अशी मी मनाची समजूत घातली.

दुसऱ्या विमानतळावर आम्हा खुर्चीवाल्यांना ओळीने भिंतीशी लावलं. शेजारी एक आजी होत्या, नशिबाने आपलीच भाषा बोलणाऱ्या. मी हळूच विचारलं, तुम्हाला केव्हापासून आहे?

"काय केव्हापासून? मी रोज टेकडी चढून येते." आजींनी आवाज खाली आणला. "आई हरवेल म्हणून मुलगा खुर्ची मागवतो. तुम्हालाही पोरांनीच बसवलंय. विमानात शिरेपर्यंत पाय विसरा."

आजार नाही याचा आनंद झाला, पण तो टिकला नाही. हरवेन? मी? मी परकी भाषा यंत्रांबरोबर येणाऱ्या पुस्तकांतून स्वतः शिकलोय. मी खुर्चीतून उठलो. तिचं पुढचं डावं चाक मघापासून लटपटत होतं. ते उकिडवं बसून नाण्याच्या कडेने घट्ट केलं आणि ढकलणाऱ्या माणसाला दाखवलं. त्याने चाक फिरवून पाहिलं, मान डोलावली आणि खुर्ची घेऊन गेला. (त्याचं काही चुकलं नाही. रोग्याने उठून खुर्ची दुरुस्त केल्यावर त्याने तरी काय करावं?)

पुढे जे झालं त्यात दोष त्या पुस्तकांचा. त्यांत नट आवळा, तेल घाला, वीज बंद करा, सगळं आहे. गेट बदललंय का, असं कुठलंच यंत्र विचारत नाही. आमचं विमान लांबलं, गेट बदललं आणि मी पाऊण तास भलत्याच देशाच्या रांगेत शिस्तीत उभा राहिलो. तिथे धाकटीचा फोन आला. मी उशिराचं सांगितलं, मग रांगेचं सांगितलं. माझं मलाच ते रचल्यासारखं वाटायला लागलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बाबा, खरं सांगा. यायचंच नाहीये ना तुम्हाला?" मी म्हटलं, विमानाला विचार. तिने फोन ठेवला.

खऱ्या गेटवर पोचलो तर जागांपेक्षा माणसं जास्त. आदल्या रद्द झालेल्या विमानातलेही इथेच आणून भरले होते. काहींना उद्यापर्यंत थांबावं लागेल, असं कळलं. उद्या म्हणजे लग्न आटोपल्यावर. खुर्चीवाले मात्र सर्वांआधी आत जाणार होते आणि आजी पहिल्या नंबरवर ऐटीत बसल्या होत्या.

मी खुर्ची मागायला लंगडत निघालो. साडूबुवा, या वयात, इतक्या लोकांसमोर. आजींजवळून जाताना त्या पुटपुटल्या, "एकच पाय ठरवा." तेव्हा कळलं की मी निघालो उजव्याने आणि पोचलो डाव्याने. खुर्ची मिळाली. तीच, मी चाक आवळलेली. चांगली चालत होती.

गुरुवारी विमानतळावरून थेट नोंदणी कार्यालयात गेलो. बॅग नसल्यामुळे नवऱ्या मुलाचाच शर्ट घातला. माझ्या लोंबणाऱ्या बाह्या धाकटीने दुमडून दिल्या, दोन्ही सारख्या. मी साक्षीदार म्हणून सही केली. मुलाविषयीचं माझं मत बदललेलं नाही. काल त्याला नळाचा वॉशर बदलायला शिकवलं. पाना उलटा धरतो, पण विचारतो तरी.

कळावे, लोभ आहेच, तो बॅगेपायी कमी होऊ नये.

आपला,
साडू

ता. क. माझ्या परतीच्या तिकिटातही खुर्ची आहे का, ते धाकटीला परस्पर विचारा. नसेल तर मागवायला सांगा. मी म्हटलं असं सांगू नका.

आणखी एक. तिकिटाचे पैसे वसूल झाले का, असं तुम्ही विचारालच. आत सोडण्याआधी कंपनीची एक बाई माझ्या खुर्चीपाशी येऊन वाकली होती. मी दमलेला दिसलो असेन. जागा सोडून उद्या गेलात तर हॉटेल, जेवण आणि वर रोख, असं म्हणाली. मी नको म्हटलं. रक्कम मात्र नीट विचारून घेतली, अर्धवट माहिती मला चालत नाही: आपल्या पैशांत अठ्ठावन्न हजार.