घटाशेजारचं शेत

तीर्थरूप लालासाहेब दाजींना बाळासोचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे सुखात आहोत आणि ते तुमच्यामुळे आहोत, हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मी भरकटलो तरी मुद्दा राहायला नको. तुमची साखर कशी आहे? (रक्तातली विचारतोय. आमच्या डब्यातली आईने तुम्हाला बांधून दिलेल्या लाडवांत गेली, आम्ही गुळाच्या चहावर आहोत.) राणीअक्काची कंबर आता बरी असेल. तिला सांगा, मिरजेची थंडी सुरू व्हायच्या आत शेक घेत जा.

तुम्ही आलात त्या गडबडीत मूळ कथा सांगायची राहिलीच. मी शांतिसेनेत परदेशी होतो तेव्हा आमच्या शिवतेजसाठी हातात मावणारा व्हिडिओ गेम आणला होता, सोबत शेतीच्या खेळाची कॅसेट. पोराला शेती खेळातसुद्धा नको होती. (आता पुण्यात नोकरीला आहे, तिथे कुंडीतली तुळस वाळवतो.) गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई पडून पडून सगळ्यांच्या चुका काढायला लागली, तेव्हा राजेश्वरीने माळ्यावरून तो खेळ काढून सासूच्या हातात दिला. खेळाने मालकाचं नाव विचारलं, हिने 'बना' घातलं, आणि आमच्या बनाबाई बागायतदार झाल्या. माहेर दुष्काळी माणातलं, झारी बुडवली की पाणी मिळतं हे कळल्यावर आधी बरेच दिवस नुसतं पाणीच पाजत होत्या. मग गाय आली, कोंबड्या आल्या. बेंदराला तर मशीनला कुणी हात लावायचा नाही, बैलांना सुट्टी. खेळात बैलच नाहीत एवढंच मी म्हणालो, तर त्या दिवशी मला जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसवलं.

पुढे खेळातलं घड्याळ मागे पडायला लागलं. घड्याळ बिघडलं तर माणूस घड्याळवाल्याकडेच जाणार, म्हणून मी कॅसेट कराडला नेली. त्याने ती उघडून दाखवली. आत एक चपटा सेल डाग देऊन, झाळून बसवलेला, आणि आईचं सगळं शेत म्हणे त्याच्या जिवावर उभं. सेल शेवटच्या घटका मोजत होता. काढला तर शेत पुसणार, नाही काढला तरी आज ना उद्या पुसणार. मी घरी येऊन मोठ्या शहाणपणाने म्हणालो, आई, नवीन शेत कर, त्यात काय एवढं. तिने मशीन पदराखाली घेतलं. म्हणाली, "बापाची जमीन भावांनी घेतली. नवऱ्याची तुझ्या नावावर झाली. माझ्या नावाची येवढीच हाय, ती बी जाऊ दे म्हंतोस व्हय रं?" दाजी, म्हणून तुम्हाला फोन केला.

तुम्ही सांगितलंत, मशीन चालू आहे तोवर शेताला धोका नाही, मी घट उठायच्या आत येतो, तोवर बंद करू नका. तुम्ही फौजेच्या सिग्नलमधला माणूस, सरळ हुकूम दिलात. पण नवरात्रात ज्या घरात न विझता तेवत ठेवायचा दिवा असतो, त्या घरात त्या हुकमाचं काय झालं ते ऐका. आईने मशीन विजेच्या वायरीला लावून थेट घटाशेजारी पाटावर मांडलं. त्याचा तांबडा दिवा आणि देवीचा दिवा, दोन्हींवर पहारा सुरू झाला. शेजारच्या सुलाबाई आरतीला आल्या आणि पडद्यावर हळदकुंकू लावून गेल्या. (तुम्ही काडीने खरवडून काढलेलं पिवळं ते तेच. गंज नव्हे.) मग त्यांच्यामागून सगळी आळी. एका बाईने तर हे कुठल्या गावचं जागृत ठाणं म्हणून विचारलं. त्यात लाईट गेली तर काय, म्हणून मी मंडपवाल्या नानासोचा इन्व्हर्टर उचलून आणला. नेमकी लाईट गेली. आईचं शेत उजेडात, आणि चौकात सगळं गाव अंधारात गरबा खेळतंय! मंडळाची पोरं अजून माझ्याशी बोलत नाहीत.

तुम्ही आलात तेव्हा आईने जावयाला पाणीसुद्धा विचारलं नाही, हे मनात ठेवू नका. तिची नजर त्या दिव्यावर होती. घट बसले असताना देवघरात झाळायचं लोखंड तापवायचं नाही असा नियम सुलाबाईंनी तिथल्या तिथे काढला, तर आई म्हणाली, "आवं, देवीला कळतंय समदं, तुमी गप बसा." तुम्ही आधी बाहेरून दुसरा सेल जोडलात, मग जुना काढून नवा बसवलात. सगळं आवरून मशीन बंद करून पुन्हा चालू केलंत तेव्हा मी देवीकडे पाहत होतो, पडद्याकडे बघायची छाती झाली नाही. मग आईचं हसणं ऐकू आलं. वडील गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. दाजी, तुमचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही आणि फेडायची इच्छाही नाही; ते असेच अंगावर राहू देत.

अक्काला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
बाळासो

ता. क. एक काम होतं. पुढच्या वेळी कॅसेट उघडाल तेव्हा आतल्या मालकाचं नाव बदलता येतं का बघाल? आईला तिच्यामागे हे शेत अक्काच्या नावावर करायचंय. मी म्हणालो, खेळात नाव बदलत नाही. तर म्हणाली, "त्यात जमत न्हाई तर मग खऱ्यात कर." तेव्हा दाजी, हात जोडतो, काहीही करून खेळातच जमवा.

ता. क. २. वरची ता. क. राजेश्वरीने वाचली आणि आईला मोठ्याने वाचून दाखवली. कॅसेट आहे तशी राहू द्या. विहिरीकडचा तुकडा अक्काच्या नावाने बक्षीसपत्र करून द्यायचं ठरलंय. दिवाळीला याल तेव्हा तिचं आधार कार्ड आणा. सही माझी असेल, पण अक्काला सांगायचं काम आईने स्वतःकडे ठेवलंय, तोवर घरात काही बोलू नका.