विहिरीत न पडलेली पेटी

मु. पो. बीबी, ता. लोणार
मंगळवार

चि. पुष्पांजली हीस कारभारी काकाचे पोटभर आशीर्वाद. तुझा घसा बरा असावा. आमचे गुडघे होते तसेच आहेत.

तुला सारं जग 'पॉपची राणी पुषा' म्हणतं, याचा आनंद आहे. पण 'लहानपणी काकांनी माझी वाजवायची पेटी विहिरीत फेकली,' असं तू टीव्हीवरच्या मुलाखतीत डोळे पुसत सांगितलंस, तेव्हापासून मी थकलो आहे. (पेटी भजनी मंडळाची होती, ती मंडळाच्या कचरूनं परत नेली. तुला लोणारच्या स्पर्धेला सायकलवर डबलसीट नेणारा मीच. चढावर तू गात होतीस अन् मी धापा टाकत होतो.) मुलाखतवाल्यांना दुःखाशिवाय गाणं गोड लागत नाही, हे मला कळतं. पण गोकुळ न्हाव्यानं माझी अर्धी दाढी करून वस्तरा थांबवला आणि विचारलं, "काका, पेटी फेकताना हात नाही थरथरले काय?" वस्तरा गळ्याशी असताना माणूस काय वाद घालणार! मी "थरथरले" म्हटलं. झालं, कबुली गावभर गेली.

मग पोरांनी विहिरीत गळ टाकला. निघाली आपलीच हरवलेली बादली. आता बुलढाण्याहून कॉलेजच्या पोरी विहिरीसोबत फोटो काढायला येतात आणि मला काठावर उभं करून बजावतात, "काका, हसू नका, फोटो खराब येते." सगळ्यांवर कडी तुझ्या काकूची. शालूबाईनं स्वतः ती पेटी पुसून कचरूच्या डोक्यावर दिली होती, तरी म्हणते, "मले काही आठवत नाही, पण पोरगी टीव्हीवर रडली म्हंजे तुमी फेकलीच असन." चहा देते, पण कप आपटून. या वयात कुणाकुणाला समजावू? एकदा खरं काय ते सांगून टाक, बाई.

तुझा (बदनाम) काका,
कारभारी

ता. क. तुझ्या आयुष्यावर सिनेमा निघतोय म्हणे. त्यात मला जरा बरा दाखवायला सांग.

आणखी ता. क. बरा दाखवायचं राहू दे. खरंही सांगू नकोस. दुष्ट काकाच्या कामाला अजून माणूस मिळाला नसेल, तर मलाच बोलाव. आरशासमोर डोळे वटारायचा सराव सुरू आहे (शालूबाई म्हणते, "जमून राह्यलं"). तुझं लहानपणचं काम दुसरीच पोर करणार, हे मला समजतं. पण मुंबईला गेल्यापासून तू एकदाही घरी आली नाहीस, पोरी. शूटिंग बघायला तरी येशील ना?