दुधाची साक्ष

११ ऑक्टोबर १९८६
पोचले एकदाची! अलेक्झांड्रियाहून निघून चौथा दिवस. नुवैबा बंदरापर्यंत भाऊ सोबत होता, पुढे बोट, आणि इकडे जॉर्डनला अकाबाच्या धक्क्यावर थोरले दीर इरशीद न्यायला आलेले. यामिन तेवीस दिवसांचा, पण सगळ्या वाटेत माझ्या पदराखाली पीत आणि झोपत आला, कुरकुर म्हणून नाही.

नव्वाफ लग्नानंतर दोन महिन्यांत कुवेतला गेले, त्यांनी लेकाला अजून पाहिलेलंसुद्धा नाही. त्यांचा हट्ट, बाळंतपणाचं अंग आहे तर माझ्या आईजवळ राहा, वसंतात मी रजेवर येतोच. मी मनात धाकधूक घेऊन आले होते. पण सासूबाईंनी दारातच मला कवटाळलं. इथे सासूला आत्या म्हणायचं. माझी समुद्राकाठची बोली ऐकून सगळी खोखो हसली. आत्या म्हणाल्या, बोलत राहा पोरी, घरात रेडिओ लावल्यासारखं वाटतं.

थोरली जाऊ फिद्दा हीही बाळंतीण! तिचा लैस महिन्याचा, सहा वर्षांच्या नवसाने झालेला. दोन बाळंतिणी, दोन मुलगे, एक घर. खिडकीतून डोंगरभर ऑलिव्हची झाडं दिसतात, तोडणी सुरू झाली आहे. खूप बरं वाटलं.

१४ ऑक्टोबर
आत्यांचा नियम: चाळीस दिवस पुरे होईपर्यंत बाळांची तोंडं कुणाला दाखवायची नाहीत. शेजारणी येतात, दुपट्याच्या गाठोड्याला आशीर्वाद देऊन जातात. माझी कागदपत्रं, पासपोर्ट, यामिनचा जन्मदाखला आत्यांनी लोखंडी ट्रंकेत नीट ठेवले.

लैसकडे पाहून जीव गलबलतो. दोन घोट पितो की दमतो, ओठ निळसर पडतात. फिद्दाला दूध मात्र उतू जातंय, अंगरखा सारखा ओला. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे की तिला आता पुन्हा मूल होणार नाही. हे सांगताना आत्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. तुला काय, वर्षाला एक होईल, म्हणाल्या.

दिवसातून पाच-सहा वेळा चहा होतो. त्यात डोंगरातला एक करडा पाला टाकतात, मरमिया. कडसर, पण वासाने तरतरी येते. आत्या माझ्यासाठी मुद्दाम दाट करतात. थकलेल्या अंगाला बरा, म्हणतात.

१८ ऑक्टोबर
दूध कमी झालंय. आधी वाटलं प्रवासाचा शीण. पण पूर्वी यामिन रडला नुसता तरी पान्हा दाटायचा, झिणझिण्या यायच्या. आता काही नाही. तो ओढ ओढ ओढतो, मग तोंड सोडून चिडतो. पिळून पाहिलं तर चमचाभरही निघालं नाही.

आईने दिलेली मेथी भिजत घातली, ते पाणी पिते आहे. बाजारातून डब्याचं दूध आणायला सांगितलं तर आत्यांना राग आला. या घरात डब्याचं दूध? लोक काय म्हणतील, आणि फिद्दाच्या अंगावर तिघांना पुरेल एवढं असताना?

२१ ऑक्टोबर
फिद्दाने यामिनला पाजलं. मीच दिला. दोन दिवस तो भुकेने रडत होता, लंगोट कोरडे निघत होते. तिने घेतला आणि पाचच मिनिटांत तो तृप्त होऊन झोपला, ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळत होतं. मी पुसायला हात पुढे केला, तर फिद्दाने आधीच पुसलं.

आत्या म्हणाल्या, झालं, आता हे दोघं दूधभाऊ. मीही हसले. मला हसू आलं नव्हतं.

२४ ऑक्टोबर
पहाटे लैसला दवाखान्यात नेलं, शहरात, इर्बिदला. दुपारी फिद्दा आणि दीर परतले, बाळ सोबत नाही. ठेवून घेतलाय, म्हणाले. फिद्दाचा चेहरा पांढराफटक. छाती दगडासारखी झाली आहे, दुखते आहे, म्हणून तिने यामिनला मागितलं. मी कसं नाही म्हणणार?

रात्री परत दिला नाही. झोपलाय, उठवू नको, म्हणाली.

२७ ऑक्टोबर
लैसबद्दल विचारलं की सगळे विषय बदलतात. आज फिद्दाच्या दारापाशी गेले तर ती यामिनला मांडीवर घेऊन गात होती. गाण्यात नाव लैसचं होतं.

सुईण उम्म झैद आल्या होत्या. सत्तरीच्या, फटकळ बाई. माझ्या हातातला पेला हुंगून म्हणाल्या, अगं, ओल्या बाळंतिणीला मरमिया कुणी पाजतं का, दूध तोडायचं असलं की आम्ही हेच देतो! आत्या त्यांच्याहून मोठ्याने हसल्या. म्हणाल्या, तिलाच आवडतो हो, दिवसभर मागते.

मी एकदाही मागितलेला नाही.

२८ ऑक्टोबर
चहा आता खिडकीखालच्या मातीत ओतते. मेथीची पुरचुंडी फडताळात नाही. आत्यांना विचारलं तर म्हणतात कसली मेथी, तू काही आणलंच नव्हतंस.

पासपोर्ट मागितला. भावाला पत्र लिहायचं आहे, त्यातला पत्ता हवा, असं निमित्त सांगितलं. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. म्हणाल्या, ताप आहे तुला.

३१ ऑक्टोबर
आज बायका आल्या, काळ्या कपड्यांत. दहा-बाराजणी. बिनसाखरेची कडू कॉफी फिरली. मला वाटलं लैस गेला. फिद्दाला मिठी मारायला उठले, तर फिद्दा आत होती, आणि त्या सगळ्या माझ्याभोवती बसल्या.

माझ्याभोवती.

एकेक करून माझे हात हातात घेतले. देव तुला धीर देवो. परक्या मुलखात येऊन असं व्हावं. अजून तरुण आहेस, कूस भरेल पुन्हा. मी ओरडले, माझा यामिन आत आहे, तो आता रडला, ऐका! बायकांनी माना खाली घातल्या. आत्यांनी माझं डोकं छातीशी धरलं आणि सगळ्यांना सांगितलं, आठवडा झाला, अजून पटत नाही बिचारीला, फिद्दाचं बाळ दिसलं की तेच आपलं म्हणते.

मग फिद्दा बाहेर आली. मला पाहून रडली. नाटक नव्हतं ते. तिला खरंच माझी दया येत होती.

१ नोव्हेंबर
नव्वाफांची तार. दीर स्वतः टपाल कचेरीत जाऊन त्यांना कळवून आले होते. ‘देवाने दिलं, देवाने नेलं. रडू नकोस. आईचं ऐक.’

संध्याकाळी दीर मला कबरस्तानात घेऊन गेले. टेकडीच्या उतारावर ओल्या मातीचा ढीग, माझ्या हाताएवढा. मी त्यांच्या डोळ्यांत पाहून विचारलं, यात कोण आहे? त्यांनी मान फिरवली. खांदे हलत होते. बाप होते ते.

माझ्या लेकराच्या अंगावर खूण नाही कुठली, तीळ नाही, लासं नाही. चेहरा इथे कुणी पाहिलेला नाही. कागद ट्रंकेत.

दूध असतं तर. छातीला लावून सगळ्यांसमोर बसले असते. बघा म्हटलं असतं, कोण कुणाचं ते.

२ नोव्हेंबर
आत्या आता पेला संपेपर्यंत समोर बसतात. त्या गेल्या की परसात जाऊन घशात बोटं घालते.

रात्रंदिवस पिळते. दर दोन तासांनी. काही नाही. तरी पिळते.

३ नोव्हेंबर
आज फिद्दाकडे गेले. हात जोडले. म्हटलं, फक्त एकदा छातीला लावू दे. ती घाबरली, मागे सरकली, बाळाला घट्ट धरलं. म्हणाली, नाहिद, तुझं गेलं त्यात माझ्या लेकराचा काय दोष?

तिला खरंच तसं वाटतं. किंवा मलाच— नाही. प्रवासात पदराखाली होता तो यामिन. तो उजेडाकडे तोंड केलं की दोनदा शिंकतो. दोनदाच. आज दारातून ऐकलं. दोनदा.

४ नोव्हेंबर
थेंब.

पहाटे बाळ रडलं पलीकडे आणि झिणझिण्या आल्या. अंगरख्यावर नाण्याएवढा डाग. कुणाला कळू द्यायचं नाही. फडकं दाबून धरलंय.

उद्या सगळी तोडणीला जाणार. आत्यासुद्धा. फिद्दा एकटी.

५ नोव्हेंबर, दुपार
आणला. फिद्दा न्हाणीत होती. वरच्या खोलीत आहे, कडी घातली आहे, गव्हाची पोती दाराला लावली आहेत.

आधी तोंड फिरवलं त्याने. माझा वास विसरला होता. मग धरलं. पितोय. घोट ऐकू येतोय— एका हाताने लिहिते आहे—

फिद्दा किंचाळत गेली बागेत. येताहेत सगळ्या. बरंच झालं, येऊ देत. खिडकी उघडली आहे. बघतील.

आल्या. अंगणभर बायका, उम्म झैदसुद्धा. मी खिडकीत उभी राहिले, पदर बाजूला केला, दाखवलं. त्याच्या हनुवटीवरून दूध ओघळत होतं. ओरडून सांगितलं, बघा, हा माझ्या अंगावर पितोय, हे माझं दूध आहे, मी याची आई आहे—

उम्म झैद एक पाऊल पुढे आल्या. मला वाटलं आता त्या बोलतील—

बोलल्या. हळू. रडत. म्हणाल्या, पोरी, लेकरू गेलेल्या आईलाही पान्हा फुटतोच गं.

आणि सगळ्या बायका रडायला लागल्या. माझ्यासाठी.

दीर वर आलेत. दाराला खांदा लावताहेत. पोती सरकली— बिजागरी वाजते आहे— आत्या जिन्यावरून सांगताहेत, तिला लागू देऊ नका, हळू, बाळाला आधी घ्या—

तो अजून भुकेला आहे. एक बाजू झाली. दुसरीकडे घेते आहे. एवढी एक बाजू पिऊ द्या त्याला, एवढीच, मग—